नाल्याकाठची घरं

वाक्य अर्ध्यावर आलं आणि धाकटीने माइकचं बटण बंद केलं.

जिन्याखालच्या त्या खोलीत एका माणसाला धड उभं राहता येईल एवढीच जागा होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. धाकटीचे सासरे, नाना, तिला स्टुडिओ म्हणत, थोरली जाऊ, म्हणजे वहिनी, कोंडवाडा म्हणत. लग्न होऊन आल्यापासून धाकटीचा आवाज याच कोंडवाड्यातून शहरभर फिरत होता. पाणी उद्या उशिरा येईल, दातांची तपासणी मोफत, चपलांचा सेल, हिरवा पोपट हरवला आहे. निवडणुका आल्या की सगळ्याच पक्षांचे लोक यायचे. मागच्या खेपेला तिने एकाच दुपारी किल्लीवाल्यांना विजयी केलं होतं, शिडीवाल्यांनाही केलं होतं आणि मधल्या वेळात निवांत चहा प्याली होती.

या वेळी उमेदवार घरातलाच होता. मोठे दीर, दादा. किल्लीवाल्यांनी त्यांना तिकीट दिलं, तेव्हा घराखालच्या लाउडस्पीकरच्या दुकानासमोर पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

"काय झालं? खोकला आला का?" दाराबाहेरून दादांनी विचारलं.

"दादा, पुन्हा एकदा सांगा. काय बोलायचंय?"

"सोपं आहे गं. तुझ्या भाषेत सांगायचं, नाल्याकाठची घरं आहेत तिथेच राहतील. प्रत्येक घराला पक्का कागद मिळेल. किल्लीसमोरचं बटण दाबा."

"पण सकाळी आपण इकडच्या भाषेत काय बोललो?"

सकाळचं वाक्य तिला तोंडपाठ होतं, कारण नानांनी ते तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं होतं. नाल्याकाठची अतिक्रमणं हटवणार, तुमचे तळमजले कोरडे ठेवणार.

"ते अलीकडच्या गल्ल्यांसाठी होतं," दादा म्हणाले. "हे पलीकडच्या वस्तीसाठी आहे."

"घरं तर तीच ना?"

दादांनी मान खाजवली. "रिक्षा वेगळ्या आहेत," ते म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. भोंगा लावलेली एक रिक्षा नाल्यावरच्या पुलाच्या अलीकडेच फिरायची, दुसरी पुलापलीकडे. अलीकडच्यांना पलीकडची भाषा येत नव्हती. पलीकडच्यांना अलीकडची येत होती ती बाजारहाटापुरती. दोन्ही नीट यायच्या त्या घरात एकट्या धाकटीला. ती पलीकडचीच. आईबाप लहानपणीच गेले. तिला वाढवलं ते मामाने, आणि मामाचं घर अगदी नाल्याच्या काठावर होतं, पुढे पंक्चरचं दुकान, मागे दोन खोल्या.

"जेवून घेऊ आधी," ती म्हणाली आणि बाहेर आली.

जेवायला त्या दिवशी ताईही आली होती. ही नाना-आईंची मुलगी, शाळेत शिक्षिका. तिला मतदान केंद्रावर ड्युटी लागली होती. "माझ्यासमोर प्रचाराचं काही बोलू नका, मला चालत नाही," असं तिने दारातच सांगितलं आणि चप्पल काढता काढता स्वतःच सुरुवात केली, "दादा, तुझ्या विरोधातला तो ठेकेदार जोरात आहे बरं का."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून वाढायचं काम वहिनींकडे होतं. नाना भिंतीला टेकून बसले होते. बापू, म्हणजे धाकटीचा नवरा, हाताला लागलेलं ग्रीस फडक्याने पुसत पुसतच ताटावर आला.

धाकटीला नीट मांडता आलं नाही. काय झालं ते जसं घडलं तसं तिने सांगितलं. सकाळचं वाक्य सांगितलं, दुपारचं सांगितलं. मग नानांकडे बघितलं. तिचा सगळा भरवसा नानांवर होता. पलीकडची सून नको म्हणून सगळी गल्ली कुजबुजत होती, तेव्हा नानांनीच बापूला म्हटलं होतं, आण तिला. माइकसमोर श्वास कुठे घ्यायचा तेही त्यांनीच शिकवलं होतं.

नाना सावकाश घास गिळत म्हणाले, "बोलून टाक."

"नाना?"

"भोंग्याला पक्ष नसतो, हे मी या धंद्यात पडलो तेव्हापासून सांगतोय. तू ते ऐकलंयस. मग त्याला मतही नसतं हे ओघानेच आलं. भोंगा विचार करायला लागला, तर उद्या आपण पोपटाची जाहिरातसुद्धा घ्यायची नाही. खरंच हरवला कशावरून?"

"पण दोन्ही खरं कसं असेल?"

"खरं-खोटं गिऱ्हाइकाचं. आपण ऐकू जाण्यापुरते जबाबदार."

हेच वाक्य नानांनी शिडीवाल्यांच्या बाबतीत म्हटलं असतं, तर धाकटीने मान डोलावली असती. तिने ती इतकी वर्षं डोलावलीच होती.

"ती नाही म्हणतेय तर नाही," अचानक वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी वर बघितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी धाकटीच्या उच्चारांची नक्कल करून सगळ्या घराला हसवलं होतं ते याच वहिनींनी. अजूनही तिने बोलताना एखादा शब्द वाकडा काढला की त्यांची भुवई हलायची. आणि आज त्या डाव हातात धरून उभ्या होत्या.

"तू माझी बायको आहेस की तिची वकील?" दादांनी विचारलं.

"आज अजून ठरवलं नाही."

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी बोलणार नव्हते, पण बोलते. दादा पडला तर ठेकेदार येणार. तो दोन्हीकडे एकच बोलतो, मान्य. घरं पाडणार, तिथे दुकानं बांधणार. बोलतो तसं करेलही. दादा निदान कुणाचं ऐकून तरी घेईल. मग मला सांगा, दादाने खोटं बोलून निवडून येणं वाईट, की ठेकेदाराने खरं बोलून निवडून येणं वाईट?"

"वर्गात हेच शिकवतेस का?" वहिनींनी विचारलं.

"वर्गात प्रश्न सोपे असतात," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

ताईचं म्हणणं खोडून काढावं असं धाकटीला फार वाटत होतं, पण ते खोडता येत नव्हतं. नाल्याचं पात्र घरांनी आवळलं होतं हेही खरं होतं. दर पावसाळ्यात पाणी उलटं फिरून अलीकडच्या तळमजल्यांत शिरायचं. मागच्या साली याच दुकानातले स्पीकर फुगून वाया गेले होते, आणि ते उचलताना बापूच्या पाठीत भरलेली उसण अजून गेली नव्हती. घरं हटवा म्हणणारे काही राक्षस नव्हते. आणि घरात राहणारा तिचा मामा होता.

"दादा, मी बोलते," ती शेवटी म्हणाली. "पण एकच वाक्य बोलेन. हटवणार म्हणा, नाहीतर राहतील म्हणा. तुम्ही ठरवाल ते. पुलाच्या दोन्ही बाजूंना तेच."

"हटवणार म्हटलं तर पलीकडची मतं गेली. राहतील म्हटलं तर अलीकडची गेली. एका बाजूच्या मतांवर कुणी निवडून येतं का इथे?" दादा चिडले नव्हते. ते थकल्यासारखे बोलत होते. "मला सांग ना, काय करू? पक्षाचा माणूस दोन्ही वाक्यं देऊन गेला. मी विचारलं, साहेब, नक्की काय करायचंय? तर म्हणाला, आधी निवडून या."

मग दादा बापूकडे वळले.

"बापू, हिचा आवाज तुझ्याकडे साठवलेला असेल ना? जुन्या जाहिराती, सगळं? शब्द जोडून वाक्य करता येईल?"

बापूने ताटातून नजर उचलली नाही. "येईल बहुतेक," तो म्हणाला.

भांडी आवरून धाकटी खाली दुकानात गेली, तेव्हा बापू मागच्या कामाच्या टेबलाशी बसला होता. फळ्यांवर उघडे अॅम्प्लिफायर, कोपऱ्यात एकात एक घातलेले कर्णे, जळक्या सोल्डरचा वास. कॉम्प्युटरवर तिच्या आवाजाच्या रेघा तुकड्या-तुकड्यांनी पसरल्या होत्या.

"घरं हा शब्द रंगाच्या जाहिरातीत मिळाला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "राहतील मिळाला तो साबणाच्या. भाव असेच राहतील. पण तिथेच कुठे मिळेना. इथेच मिळाला. सेल इथेच आहे."

"मग?"

"मग इथेच घातलं. तुमच्या भाषेत चालतं का तसं? बघ जरा."

तो खरोखरच तिला चूक तपासायला सांगत होता. एखादी बिघडलेली तार दाखवावी तसं. तिला हसावं की त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा, कळेना. त्याने बटण दाबलं.

घरं इथेच राहतील, असं तिचाच आवाज तिच्याच भाषेत म्हणाला.

धाकटी स्टुलावर बसली. वाक्य ठिगळाचं होतं, सुरुवातीला रंगाच्या जाहिरातीचा आनंद होता आणि शेवटी साबणाचा. तरी ऐकताना तिला क्षणभर इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. मामालाही असंच बरं वाटलं असतं. तो चाकाला हात लावून थांबला असता, म्हणाला असता, पोरीचा आवाज आहे, म्हणजे खरं असेल.

"तू हे वाजवणार?" तिने विचारलं.

"दादाने सांगितलं म्हणून केलं. तू म्हणालीस तर पुसतो."

"मला विचारू नकोस. तुला काय वाटतं ते सांग."

बापूने बराच वेळ हातातला पेचकस फिरवला. "मला वाटतं दादा निवडून यावा. आणि मला वाटतं, तू इथून पुढेही माझ्याशी बोलावंस. दोन्ही वाटतं."

जिन्यावर पावलं वाजली. दादा खाली आले, त्यांच्या मागोमाग वहिनीही. दादांनी वाक्य वाजवायला लावलं. एकदा ऐकलं. भाषा कळत नव्हती, पण त्यांचा चेहरा हळूहळू आंबट होत गेला. पुन्हा वाजवायला सांगितलं.

"ही धाकटी वाटतच नाही," ते म्हणाले. "कुणीतरी गळा धरून बोलायला लावल्यासारखं वाटतंय."

"लावलंच आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग काय करू म्हणतेस?"

"स्वतः जा. तोंड आहे ना तुम्हाला. त्यांच्यासमोर उभं राहून जे म्हणायचंय ते म्हणा. खोटं बोलायचं असेल तरी आपल्या तोंडाने बोला, दुसऱ्याच्या बायकोच्या नको."

"मला त्यांची भाषा कुठे येते?"

"ती येईल सोबत."

तिघेही धाकटीकडे बघायला लागले. या घरात आपलं कोण आणि परकं कोण, हे सकाळी तिला पक्कं माहीत होतं. आता दुपार कलली होती, आणि नाना तिच्या विरुद्ध होते, वहिनी तिच्या बाजूने होत्या, आणि नवरा दोन्हीकडे होता.

"येईन," ती म्हणाली. "पण तुम्ही बोलाल तेच मी त्यांना सांगेन. त्यात वाढवणार नाही, गाळणारही नाही. चालेल?"

"चालेल की," दादा म्हणाले. आपण कशाला हो म्हटलं ते त्यांना कळलं होतं की नाही, हे धाकटीला समजलं नाही.

संध्याकाळी रिक्षा पुलापलीकडे गेली. मामाच्या दुकानासमोर जरा मोकळी जागा होती, तिथे माणसं जमली. काही स्टुलांवर, काही जुन्या टायरांवर, बायका दारांत. बापूने टपावरचे दोन्ही कर्णे नीट केले, एक वस्तीकडे, एक नाल्याकडे, आणि अॅम्प्लिफायरपाशी बसला. पाण्याला वास येत होता. पलीकडच्या काठावर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बाजूला, लोक गच्चीवर येऊन उभे राहिले होते.

सुरुवातीला सगळं छान चाललं. दादांनी रस्त्यावरच्या दिव्यांचं सांगितलं, धाकटीने ते सांगितलं. दवाखान्याचं सांगितलं, तेही तिने सांगितलं. आपल्या भाषेत भोंग्यातून कुणीतरी जिवंत माणूस बोलतोय याचंच लोकांना अप्रूप वाटत होतं. एक म्हातारी तर दर वाक्याला मान हलवत होती, दादा बोलत तेव्हाही.

मग मामा उठला. हात फडक्याला पुसत पुढे आला. त्याने भाचीकडे बघितलं नाही. दादांकडे बघूनच, आपल्या भाषेत, एकच प्रश्न विचारला.

"मामा विचारतोय," धाकटी माइकमध्ये म्हणाली, "आमची घरं राहणार की जाणार?"

दादांनी तिच्याकडे बघितलं. मग माइककडे. कर्णे बारीक गुणगुणत होते. खिशातल्या चिठ्ठीवर पक्षाने दिलेलं उत्तर होतं आणि ते दादांना पाठ होतं, हे तिला माहीत होतं. त्यांनी नाल्यापलीकडच्या गच्च्यांकडे एक नजर टाकली.

"मला माहीत नाही," दादा म्हणाले.

त्यांचा आवाज दोन्ही कर्ण्यांतून दोन्हीकडे गेला.

"पक्षाने मला तिकडे बोलायला एक दिलंय, इकडे बोलायला एक. आमच्या दुकानात पाणी शिरतं. ते पाणी जायचं कुठून, हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही कुणाला विचारलेलं नाही. घरं राहतील असं म्हणायला आलो होतो. पण मला माहीत नाही."

आता तिची पाळी होती. आणि धाकटी अडली.

तिच्या भाषेत माहीत नसण्याला दोन शब्द होते. एक, ज्याला खरंच अजून उमगलेलं नाही त्याचा. दुसरा, ज्याला उमगलंय पण सांगायचं नाही त्याचा. इकडच्या भाषेत ही सोय नव्हती. दादांचा कोणता? ती त्यांच्याकडे बघत राहिली. कपाळावर घाम होता, हात खिशावर होता. त्यांचं त्यांना तरी ठाऊक होतं का? सगळी वस्ती तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि गाळणार नाही, वाढवणार नाही असं मोठ्या तोंडाने तिनेच सांगितलं होतं.

तिने पहिला शब्द वापरला. तो बरोबर होता का, हे तिला पुढे कधीही छातीठोकपणे सांगता आलं नाही.

एकाने शीळ घातली, दोघं-चौघं उठून गेले. मामा तिथेच उभा होता. "कळल्यावर सांगायला येणार का?" त्याने विचारलं.

"येईन," दादा म्हणाले. हे मात्र सांगायला तिला सोपं गेलं.

परत येताना रिक्षात पक्षाच्या माणसाचा फोन वाजत होता, तो दादांनी उचलला नाही. दुकानाच्या दारात नाना उभे होते. "पुलापर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं," ते म्हणाले. ते रागावले होते की खूश होते, हे बापूलाही सांगता येईना.

मतदानाच्या दिवशी धाकटी आणि वहिनी बरोबरच शाळेत गेल्या. रांग सावकाश सरकत होती. पुढे अलीकडच्या बायका, मागे पलीकडच्या, मधे या दोघी जावा. आत पडद्यामागे गेल्यावर धाकटीने किल्ली, शिडी, आणखी पाच-सहा चित्रं बघितली आणि बोट उचलून तशीच उभी राहिली. ताईचं म्हणणं आठवलं, नानांचं आठवलं. मग मामाच्या दुकानासमोर घामाघूम झालेला माणूस आठवला, आणि तिने किल्लीसमोरचं बटण दाबलं.

बाहेर नळाशी वहिनी थांबल्या होत्या. बोटावरची शाई वाळावी म्हणून हात लांब धरून.

"मी यांना दिलं नाही," त्या म्हणाल्या.

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कुणाला दिलं ते विचारू नकोस. यांना नाही, एवढंच."

"पण वहिनी, त्या दिवशी तुम्हीच तर त्यांना पाठवलंत."

"म्हणूनच." वहिनी नळाच्या तोटीकडे बघत होत्या. "घरी आल्यावर ते कितीतरी वेळ पायरीवर बसले होते. म्हणाले, मी काय बोलून बसलो कळत नाही. इतक्या वर्षांत मला ते कधी एवढे जवळचे वाटले नव्हते. निवडून आले की उद्या पुन्हा कुणीतरी दोन वाक्यं आणून देणार. दर वेळी ते चिठ्ठी खिशातच ठेवतील का?"

"मी दिलं त्यांना," धाकटी म्हणाली. "त्याच संध्याकाळमुळे."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कोण बरोबर होतं, हे विचारायचं कुणाला? वहिनींनी पदराला हात पुसला आणि त्या चालायला लागल्या.

दादा निवडून आले. अगदी थोडक्यात आले, पण आले. अलीकडच्या गल्ल्यांत म्हणत होते, हा गडी त्या लोकांच्या दारात जाऊनसुद्धा घरं राहतील असं बोलला नाही, म्हणून आम्ही दिलं. पलीकडे म्हणत होते, आमच्या दारात येऊन आमच्या भाषेत बोलला तो हा एकटाच, म्हणून आम्ही दिलं. पक्षाच्या माणसाने तर हार घालताना सांगितलं की ती सगळी त्याचीच युक्ती होती. ताई म्हणाली, लोक शहाणे असतात. थोड्या वेळाने म्हणाली, शहाणे असतात की नसतात, मला आता सांगता येत नाही.

शेजारच्या बायका वर आल्या तेव्हा वहिनी ओट्याला टेकून रडत होत्या. आनंदाने भरून आलंय हो, असं म्हणून बायकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. वहिनींनी त्यांना तसं म्हणू दिलं. धाकटीने चहाचं आधण वाढवलं आणि त्यांच्याकडे न बघता कप मांडत राहिली.

तेवढ्यात दादा आत आले. गळ्यात तीन हार, शर्टाला गुलाल नव्हता पण धूळ होती. दारातच उभं राहून त्यांनी आधी बायकोकडे, मग धाकटीकडे बघितलं.

"खाली दोन्हीकडचे लोक आलेत," ते म्हणाले. "एकदमच आलेत. मामाही आहेत."

"मग जा ना," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

"धाकटे, येतेस?"

तिने गॅस बारीक केला आणि ती पुढे झाली. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती थबकली. खालून दुकानातून आवाज वर येत होते, विचारणारे, बजावणारे, हसणारे, एकमेकांत मिसळलेले. दोन्ही भाषा तिच्या होत्या. ती कान देऊन उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिला त्यातला एकही शब्द वेगळा काढता आला नाही. मागे दादा उभे होते, उतरायची वाट बघत. तिने कठड्याला हात लावला आणि खाली उतरायला लागली.